चार आवाज, एक लय: म्यूजस्कोरमध्ये टेम्पोची खूण कुठे आणि कशी लावायची

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आमचं वृंदगान जमतं. गेल्या वर्षी एक अभंग चार आवाजांत बांधला होता. तिसऱ्या अंतऱ्याला लय मिनिटाला ८४ मात्रांवरून १०४ वर न्यायची, असं ठरलं होतं. मी हात उचलला, सोप्रानो बायका निघाल्या आणि बाकीचे तीन आवाज होते तिथेच राहिले. दोन आवर्तनांत सगळा पसारा. आल्टोतल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान माझ्यापुढे धरलं. "अहो, आमच्या पानावर कुठंय हे?"

नव्हतंच. झेरॉक्सचा खर्च वाचवायला मी प्रत्येक आवाजाचं पान वेगळं काढलं होतं, आणि "लय वाढवा" ही सूचना फक्त सोप्रानोच्या पानावर उतरली होती. चूक माझी होती आणि ती एका क्लिकची होती. टेम्पोची, म्हणजे लयीच्या वेगाची, खूण म्हणून मी जे टाइप केलं होतं, ते सॉफ्टवेअरच्या लेखी सोप्रानोच्या रेघांवरचा एक साधा मजकूर होता.

तेव्हापासून मी हे काम ज्या क्रमाने करतो तो इथे लिहितोय. म्यूजस्कोर हे पाश्चात्त्य पद्धतीने संगीत लिहून छापायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि आमच्या ओळखीच्या बहुतेक गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे तोच असतो, म्हणून पावलं त्याची दिली आहेत. ती चौथ्या आवृत्तीची आहेत. लिलीपाँड हे त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय.

आधी शब्दांचा घोळ

आपल्याकडे 'आवाज' या एकाच शब्दाला बरंच काम पडतं. वृंदगानात आवाज म्हणजे उंचापासून खर्जाकडे उतरत सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. सॉफ्टवेअरमध्ये 'व्हॉइस' म्हणजे वेगळीच गोष्ट: एकाच पाच रेघांवर, म्हणजे एकाच स्टाफवर, एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र लयींचे पदर. म्यूजस्कोरमध्ये एका स्टाफवर असे चार पदर मिळतात. निवडल्यावर पहिला निळा दिसतो, दुसरा हिरवा, तिसरा केशरी आणि चौथा जांभळा. पहिल्या आणि तिसऱ्याच्या नोटांच्या दांड्या (उभ्या रेघा) वर जातात, दुसऱ्या आणि चौथ्याच्या खाली.

म्हणजे चार आवाजांचं गाणं दोन प्रकारे मांडता येतं. एकतर चार स्टाफ, प्रत्येकाला एक. नाहीतर दोनच स्टाफ: वरच्यावर सोप्रानो आणि आल्टो, खालच्यावर टेनर आणि बेस. चर्चच्या क्वायरमध्ये गायलेल्यांना दुसरी मांडणी सवयीची असते. आमच्याकडच्या, हार्मोनियम शिकून आलेल्या मंडळींना मात्र एका रेघेवर दोन गाणी दिसली की घाम फुटतो. म्हणून मी चार स्टाफ देतो. पानं वाढतात, कुरकुर कमी होते.

तिसरा शब्द 'सिस्टिम'. कंसाने एकत्र जोडलेल्या सगळ्या स्टाफांची डावीकडून उजवीकडे जाणारी एक ओळ म्हणजे सिस्टिम. टेम्पोची खूण या सिस्टिमची असते. सोप्रानोची नाही, तबल्याचीही नाही. ती सगळ्यांत वरच्या स्टाफच्या डोक्यावर छापली जाते, कारण डोळा तिथून खाली येतो. पण तिचा अंमल खालपर्यंत सगळ्यांवर असतो. वर लागली म्हणून ती वरच्यांची, असं समजलो आणि तिथेच मी फसलो.

आकडा कुठून आणायचा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे करा. गुरुजी किंवा बुवा आकडा सांगत नाहीत, गाऊन दाखवतात. तुम्ही मोबाइलवर ते रेकॉर्ड करा आणि घड्याळ लावून आवर्तनं मोजा. एक नको, चार मोजा. एकात अर्ध्या सेकंदाची चूक खूप पडते, चारांत ती विरते. हिशोब साधा आहे: एकूण मात्रा गुणिले ६०, भागिले लागलेले सेकंद. भजनी ठेका आठ मात्रांचा. चार आवर्तनं म्हणजे ३२ मात्रा, त्यांना २४ सेकंद लागले तर मिनिटाला ८० मात्रा.

आता खरा प्रश्न: ही मात्रा कुठल्या नोटची? इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. ठेका ४/४ मध्ये (एका बारात, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या खणात, चार क्वार्टर नोटा) दोन बारांत लिहिलात तर मात्रा म्हणजे क्वार्टर नोट, आणि खूण होईल ♩ = ८०. एका बारात आठही मात्रा बसवल्यात तर मात्रा एट्‌थ नोटची, क्वार्टरच्या निम्म्याची, झाली; खूण ♪ = ८०, किंवा वाचणाऱ्याला सोयीची ♩ = ४०.

दादऱ्यात तर हमखास गोंधळ. सहा मात्रा, ६/८ चा बार. आमच्या बासरीवाल्या मित्राला मी फोनवर "मात्रा १२०" असं सांगितलं. त्याने पॅलेटमधली (तयार खुणांच्या पेटीतली) पहिली दिसलेली खूण उचलली, तिच्यात क्वार्टर नोट होती, आणि तिच्यापुढे १२० टाकले. प्लेबॅक लावला तर बरोबर दुप्पट वेग. एट्‌थ नोट १२० हवी होती, त्याने २४० करून ठेवली होती. ६/८ मध्ये बारात दोनच मोठे ठोके पडतात, प्रत्येक तीन मात्रांचा, म्हणून छापील परंपरा डॉटेड क्वार्टर (दीडपट क्वार्टर) वापरते: मात्रा १२० म्हणजे डॉटेड क्वार्टर = ४०. हे गणित कागदावर करूनच मी आता संगणकापुढे बसतो.

विलंबितात उलटी अडचण. एकतालाच्या बारा मात्रांना ४८ सेकंद लागत असतील तर मिनिटाला १५ मात्रा. जुन्या लोलकाच्या मेट्रोनोमवर (ठरलेल्या वेगाने टकटक करणाऱ्या यंत्रावर) चाळिसाच्या खाली आकडाच नसतो, आणि पंधराचा ठोका कुणाला अंगात धरताही येत नाही. तबलजी मात्रेचे चार भाग मनात मोजतोच, म्हणून त्या भागाला नोट द्या आणि तिच्यापुढे ६० लिहा.

मोजून ८१ आले तर ८१ लिहू नका. लोलकाच्या मेट्रोनोमवर ६० ते ७२ तीन-तीनने चढतं (६०, ६३, ६६, ६९, ७२), ७२ ते १२० चार-चारने, पुढे १४४ पर्यंत सहा-सहाने. डिजिटल यंत्रं कुठलाही आकडा देतात हे खरं, पण छापील संगीतात वाचणाऱ्याच्या डोळ्याला ७६, ८०, ८४ हेच ओळखीचे. ८१ दिसलं की माणूस अडखळतो, यात काही खास अर्थ आहे की काय म्हणून. हे मेट्रोनोम प्रकरण दोनशे वर्षांचं जुनं आहे. माएल्त्सेलने १८१५ मध्ये पेटंट घेतलं. मूळ युक्ती मात्र ॲम्स्टरडॅमच्या विंकेल नावाच्या कारागिराची. श्रेय कुणाला यावरून तेव्हाही भांडण झालंच होतं.

खूण लावणं

आता म्यूजस्कोर. सगळ्यांत वरच्या स्टाफवरच्या, जिथून लय सुरू होते त्या पहिल्या नोटवर किंवा विरामावर क्लिक करा. ती निळी झाली पाहिजे. काहीच न निवडता पॅलेटवर क्लिक करणारे बरेच आहेत; मग "काही होतच नाही" म्हणून फोन येतो.

एफ नाइन दाबून पॅलेट उघडा आणि त्यातली 'टेम्पो' नावाची घडी उलगडा. दिसत नसेल तर वरच्या 'ॲड पॅलेट्स' बटणातून ती आणता येते. ज्या खुणेत तुमची नोट आहे तिच्यावर एकदा क्लिक करा. दादऱ्यासाठी डॉटेड क्वार्टर असलेलीच घ्या, नंतर बदलू म्हणू नका. खूण स्टाफवर चढेल. कीबोर्डवरून करायचं तर नोट निवडून ऑल्ट, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा.

खुणेवर डबल-क्लिक केलं की मजकूर बदलता येतो. आकडा बदला, आधी शब्द लिहा, काम झालं की एस्केप. नोटेचं चिन्ह चुकून पुसलं गेलं तर मजकूर बदलत असतानाच खास चिन्हांची खिडकी उघडा आणि तिथून नोट परत घ्या. इंटरनेटवरून कॉपी करून आणलेलं चिन्ह तिथे चिकटवू नका. ते दिसायला तसंच असतं, पण फॉन्ट बदलला की त्याचा चौकोन होतो.

क्रम असा ठेवा: आधी शब्द, मग नोट, मग बरोबरीची खूण, मग आकडा. "मध्य लय ♩ = ८४". शब्द असताना आकडा कंसात घालायची पद्धतही सर्रास आहे. तेव्हा कंस म्हणजे "साधारण एवढं". मी कंस घालतो, कारण आमच्याकडे ८४ ला सुरू केलेलं गाणं ८४ लाच संपलंय असं अजून झालेलं नाही.

आकडा न लिहिता नुसतं "मध्य लय" लिहिलंत तर प्लेबॅकला त्यातून काही कळत नाही. खूण निवडून एफ एट दाबा, उघडणाऱ्या प्रॉपर्टीज या पट्टीमध्ये लिखित लयीऐवजी स्वतःचा आकडा द्यायची सोय आहे. छापलेलं एक आणि वाजणारं दुसरं, असं मुद्दाम ठेवायचं असेल तेव्हाही तीच जागा.

मराठी शब्द आणि फॉन्ट

म्यूजस्कोरचा ठरलेला मजकुराचा फॉन्ट एडविन. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे संगणक आपल्या मनाने दुसरा कुठला तरी फॉन्ट उसना घेतो. तुमच्या संगणकावर एक दिसतो, मित्राच्या संगणकावर दुसरा, आणि ठळकपणाही कधी येतो कधी नाही. यावर उपाय एकदाच करायचा: फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स असं जाऊन यादीतला 'टेम्पो' निवडा आणि फॉन्ट बदला. मी मुक्ता वापरतो; ठळक वजन चांगलं आहे आणि वेलांट्या वरच्या रेघेला धक्का देत नाहीत. नोटेचं चिन्ह खास चिन्हांच्या खिडकीतून आलेलं असेल तर ते संगीताच्या फॉन्टमधूनच येत राहतं, बिघडत नाही.

आकडे मात्र स्कोअरमध्ये (सगळ्या आवाजांच्या एकत्र लिखाणात) मी इंग्रजी अंकांत ठेवतो. या लेखात देवनागरी लिहिलेत ते वेगळं. गिटारवाला मुलगा कॉन्व्हेंटचा आहे, तो ६ आणि ९ मध्ये गडबडतो.

एकेका खुणेवर जाऊन फॉन्ट बदलत बसू नका. बारा खुणा असतील तर अकरा बदलल्या जातात आणि एक राहते, आणि ती नेमकी पहिल्या पानावरची असते.

जागा, आणि माउसची खोड

टेम्पोच्या खुणेला डावी कड असते आणि ती कड बोलते. सुरुवातीला तालाचा आकडा (४/४ सारखा) छापला असेल तर खुणेची डावी कड त्या आकड्याच्या डाव्या कडेवर येते. तिथे तालाचा आकडा नसेल, म्हणजे मधल्याच एखाद्या बारात लय बदलत असेल, तर ज्या नोटपासून बदल सुरू होतो तिच्या डाव्या कडेवर. म्यूजस्कोर हे बहुतेक वेळा आपलं आपण करतो. गडबड माणूस करतो, माउसने.

म्यूजस्कोरमधली प्रत्येक खूण वेळेतल्या एका ठिकाणाला बांधलेली असते. त्याला अँकर म्हणा. आणि तिथून ती कागदावर किती सरकलेली आहे ते अंतर वेगळं. तुम्ही माउसने खूण ओढता तेव्हा एक ठिपक्यांची रेघ दिसते. ती रेघ जिथे टेकते तिथे खूण खरी आहे. जिथे अक्षरं दिसतात तिथे फक्त अक्षरं आहेत.

समजा, लय नवव्या बारापासून वाढायची आहे आणि तुम्ही खूण चुकून आठव्यावर लावली. डोळ्याला खटकलं म्हणून ती ओढून नवव्यावर नेलीत. पान सुंदर दिसतं. प्लेबॅक आठव्यालाच पळतो. मग तुम्ही पानाची रुंदी बदलता, आठवा बार ओळीच्या शेवटी जातो, नववा पुढच्या ओळीत, आणि खूण ओळ संपल्यावर समासात लटकते. मी पहिल्या वर्षात केलेल्या स्कोअरमध्ये असे लटकलेले टेम्पो अजून सापडतात. म्हणून: चुकीच्या जागी लागली तर ओढू नका. पुसा आणि बरोबर नोटवर नव्याने लावा. आधीच ओढून बसला असाल तर ती निवडून कंट्रोल आणि आर दाबा, सरकवलेलं सगळं रद्द होतं आणि खरं ठिकाण कुठलं ते लगेच कळतं.

उभ्या दिशेचं दुखणं वेगळं. एका स्टाफवर दोन पदर असले की पहिल्याच्या दांड्या कायम वरच राहतात. सोप्रानो तार सप्तकात गेली की लेजर लाइनी (स्टाफबाहेरच्या छोट्या रेघा), त्यावर दांडी, त्यावर स्लर (नोटा जोडणारी कमान). म्यूजस्कोरची आपोआप मांडणी टकरी टाळते, म्हणून टेम्पोची खूण या सगळ्यांच्या वर ढकलली जाते आणि कधीकधी इतकी वर जाते की वरच्या सिस्टिमच्या शब्दांखाली चिकटून बसते. वाचणाऱ्याला वाटतं ती वरच्या ओळीची सूचना.

इथेही ओढू नका. आधी टक्कर कशाशी आहे ते बघा. स्लर असेल तर ती निवडून एक्स दाबा, खाली वळवता येते का पाहा; दोन पदर असतील तर वळवू नका, वाचता येणार नाही. कॉर्डची नावं असतील तर ती स्टाफच्या जवळ आणि टेम्पो त्यांच्या वर, हा क्रम सोडू नका. मग स्टाइलच्या खिडकीत 'टेम्पो टेक्स्ट'च्या पानावर जा: स्टाफपासूनचं अंतर आणि इतर गोष्टींपासूनचं कमीत कमी अंतर असे दोन आकडे तिथे मिळतात, दोन्ही स्टाफच्या दोन रेघांमधल्या जागेच्या मापात. कमीत कमी अंतर थोडं उतरवलं की बऱ्याच खुणा शहाण्यासारख्या खाली येतात. तरी भागलं नाही तर दोन सिस्टिममधली जागा वाढवा. एखाद्या खुणेची आपोआप मांडणी बंद करायची (निवडून बरोबरीच्या चिन्हाची कळ दाबायची) हा शेवटचा उपाय. ती बंद केली की ती खूण आंधळी झाली. पुढे तुम्ही वर स्वर वाढवलात तरी ती हलणार नाही, त्यांच्यावरच छापली जाईल.

वरच्या आवाजात तिथे नोटच नसेल तर

बहुस्वरी लेखनात हे हमखास येतं. सोप्रानोने चार मात्रांचा "सा" धरून ठेवलाय. खाली आल्टो तिसऱ्या मात्रेवर उचल घेते, आणि लय बदलते ती या तिसऱ्या मात्रेपासून. वरच्या स्टाफवर तिसऱ्या मात्रेला पकडायला काहीच नाही. पहिल्या मात्रेवर खूण लावून ओढलीत तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आल्टोची तिसऱ्या मात्रेवरची नोट निवडा आणि तिच्यावर टेम्पो लावा. खूण सिस्टिमची असल्यामुळे ती छापली जायला हवी सगळ्यांत वर, पण वेळ धरेल आल्टोची. जुन्या आवृत्तीत ती खालच्याच स्टाफवर बसली तर दुसरा मार्ग आहे: वरच्या स्टाफच्या एखाद्या रिकाम्या पदरात, मी चौथा वापरतो, त्या बारात दोन हाफ-विराम (दोन-दोन मात्रांचे) घाला. त्यांतला दुसरा बरोबर तिसऱ्या मात्रेवर येतो. त्याच्यावर टेम्पो लावा आणि मग दोन्ही विराम निवडून व्ही दाबा. ते पडद्यावर फिकट दिसतील, कागदावर येणार नाहीत. एवढं झाल्यावर सोप्रानोच्या नोटांच्या दांड्या पुन्हा बघा. लपवलेल्या पदराचं अस्तित्व कधीकधी त्यांना दिशा बदलायला लावतं. एक्सने परत वळवा.

हळूहळू बदल

शेवटच्या तिहाईला मंदावणं, किंवा अंतऱ्यात शिरताना चढवणं. म्यूजस्कोर चारपासून 'रिट.' आणि 'ॲक्सेल.' या टेम्पो पॅलेटमध्ये ताणता येणाऱ्या रेघा झाल्या आहेत आणि प्लेबॅक त्या पाळतो. ज्या नोटांवर बदल पसरायचा त्या सगळ्या निवडा, मग रेघेवर क्लिक करा. तुटक रेघ निवडलेल्या भागापुरती लागते. संपल्यावर नवा टेम्पो लिहायला विसरू नका. "रिट." लिहून पुढे काहीच नसेल तर गाणारा विचारतो, मग तिथून पुढे काय? "पूर्ववत्" किंवा "मूळ लय", आणि शक्य असेल तर आकडा.

ही रेघ प्रत्येक आवाजाच्या डोक्यावर वेगळी लावण्याचा मोह होतो. पूर्ण स्कोअरमध्ये चार वेळा "रिट." दिसलं की डोळ्याला वाटतं चार वेगळ्या गोष्टी चालल्यात. वर एकदाच.

वेगळी पानं काढताना

आता त्या शनिवारच्या प्रकरणाकडे. टेम्पो म्हणून लावलेली खूण म्यूजस्कोर प्रत्येक पार्टमध्ये, म्हणजे एकेका आवाजाच्या वेगळ्या पानात, स्वतः घालतो. 'स्टाफ टेक्स्ट' म्हणून लिहिलेला मजकूर फक्त त्या स्टाफच्या पार्टमध्ये जातो. पूर्ण स्कोअरवर दोन्ही अगदी सारखे दिसू शकतात, ठळक करून आकार वाढवला की तर ओळखूच येत नाहीत. ओळखायची खात्रीची रीत: खूण निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये वर तिचं नाव काय येतं ते वाचा. 'टेम्पो' आलं तर ठीक. 'स्टाफ टेक्स्ट' आलं तर पुसा आणि पुन्हा लावा.

पार्ट काढल्यावर प्रत्येक पार्ट उघडून टेम्पो मोजा. पूर्ण स्कोअरमध्ये सात असतील तर बेसच्या पार्टमध्येही सात हवेत. बेसला बारा बार सलग विराम असेल आणि मध्येच लय बदलत असेल, तर त्या लांब विरामाचे दोन तुकडे होतात, मध्ये खूण येते. काही जण म्हणतात, हा विराम तुटला कसा, जोडून द्या. नका जोडू. गप्प बसलेल्यालाही बारा बार कुठल्या लयीत मोजायचे ते कळायला हवं.

वाद्यं वाढली की आणखी एक प्रश्न. आमच्या वार्षिक कार्यक्रमाला चार आवाज, हार्मोनियम, तबला, बासरी आणि तीन व्हायोलिनं असा ताफा होता. दहा स्टाफांच्या पानावर व्हायोलिनवाल्याच्या डोळ्यापासून वरचा टेम्पो फार लांब. वाद्यवृंदाच्या छापील परंपरेत टेम्पो दोनदा देतात: एकदा सगळ्यांत वर, एकदा व्हायोलिनच्या गटावर. म्यूजस्कोरच्या ४.५ आवृत्तीपासून डावीकडच्या 'लेआउट' पॅनेलमध्ये सिस्टिमच्या खुणांचा वेगळा थर हव्या त्या स्टाफवर जोडता येतो. व्हायोलिनवर तो जोडलात की टेम्पो, तालमीची अक्षरं ("अ पासून घ्या" म्हणायला लावलेल्या खुणा), सगळं तिथे पुन्हा दिसतं, आणि एका जागी बदललेलं दुसरीकडे बदलतं. त्याआधीच्या आवृत्तीत व्हायोलिनवर स्टाफ टेक्स्टने नक्कल करावी लागते. मग व्हायोलिनच्या पार्टमध्ये तोच टेम्पो दोनदा येतो. तिथे जाऊन नक्कल व्हीने लपवायची, आणि मूळ आकडा बदलला की नक्कलही हाताने बदलायची. आवृत्ती बदलून घेणं त्यापेक्षा सोपं.

लिलीपाँड वापरत असाल तर

लिलीपाँडमध्ये माउस नाही, सगळं अक्षरांत लिहायचं. टेम्पोच्या आज्ञेत अवतरणचिन्हांत शब्द, मग नोटेचा आकडा, बरोबरीची खूण आणि वेग येतो: क्वार्टर नोट ८४ असेल तर ४ = ८४. ही खूण छापणारा कारागीर, त्यांच्या भाषेत 'एनग्रेव्हर', संपूर्ण स्कोअरच्या पातळीवर बसलेला असतो. म्हणून आज्ञा तुम्ही टेनरच्या ओळीत लिहिलीत तरी खूण सिस्टिमच्या डोक्यावरच छापली जाते. पहिल्यांदा पाहिल्यावर हे भूत वाटतं.

नवखी चूक म्हणजे आज्ञा चारही आवाजांत चिकटवणं. चारही तंतोतंत सारख्या असतील तोवर चालतं. नंतर तुम्ही सोप्रानोत ८४ चं ८८ करता, बाकीच्या तिघांत विसरता, आणि एकाच क्षणी दोन वेगळे टेम्पो आले की लिलीपाँड एक ठेवतो, दुसरा टाकून देतो. इशारा लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींत) येतो, पण लॉग वाचतो कोण?

त्यापेक्षा एक वेगळी, न गाणारी ओळ तयार करा. तिच्यात नुसत्या अदृश्य जागा असतात, नोटा नाहीत. त्या जागांच्या मध्ये ताल आणि टेम्पो. ही ओळ पूर्ण स्कोअरमध्ये सोप्रानोशी समांतर जोडायची आणि प्रत्येक पार्ट काढताना त्या त्या आवाजाशी. सोप्रानोने तिसऱ्या मात्रेवर स्वर धरून ठेवलेला असला तरी या ओळीला फरक पडत नाही, तिला स्वतःच्या मात्रा आहेत. वर सांगितलेली लपवलेल्या विरामांची कसरत इथे करावीच लागत नाही. व्हायोलिनच्या गटावर दुसरी खूण हवी असेल तर तोच एनग्रेव्हर त्या स्टाफलाही जोडता येतो. आकडा न छापता फक्त शब्द छापायचे तर मेट्रोनोमची नोट लपवण्याची एक खूणगाठ स्कोअरच्या पातळीवर सुरू करायची. प्लेबॅकसाठी वेग तसाच राहतो.

छापण्याआधी

म्यूजस्कोरमध्ये टेम्पोचा ठरलेला आकार १२ पॉइंट, ठळक. पण हे १२ पॉइंट ठरलेल्या स्टाफच्या मापाला आहेत, रेघांमधली जागा सुमारे १.७५ मिलिमीटर. चार स्टाफ आणि चार ओळी शब्द ए-फोरवर बसवायला आपण ती जागा १.४ वर आणतो, आणि टेम्पोही सोबत आकसून साडेनऊ पॉइंटच्या आसपास येतो. पडद्यावर झूम केलेलं असल्यामुळे कळत नाही. एक पान छापा, भिंतीला टेकवा आणि दोन पावलं मागे जाऊन वाचा. गाणारा पान छातीशी धरत नाही, खाली धरतो आणि मध्येच हाताकडे बघतो. (कंडक्टर हा शब्द मी टाळतो, ठाण्यात कंडक्टर म्हटलं की टीएमटीच्या बसचाच आठवतो.) आकार वाढवायचा तर टेक्स्ट स्टाइल्समध्ये, एकदाच.

झेरॉक्सला देताना पीडीएफ द्या, म्यूजस्कोरची फाइल नको. दुकानातल्या संगणकावर मुक्ता नसतो. तळटिपेत तारीख टाका, कारण जुनी पानं कुणी फेकत नाही आणि पुढच्या तालमीला एकाच ओळीत दोन आवृत्त्या उभ्या राहतात.

काकूंच्या नव्या पानावर आता ♩ = १०४ आहे. त्याच्याभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढलाय आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, "आधी श्वास". त्या जागी श्वास फक्त आल्टोला लागतो, बाकी तिघांचा तिथे विरामच आहे. पुढच्या आवृत्तीत मी ते छापून टाकलं, आणि ते मात्र स्टाफ टेक्स्ट म्हणून, फक्त त्यांच्या रेघांवर.